प्रथम क्रमांक विभागून

परीक्षक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असं सुदेश मिठबावकर सरांनी एप्रिलातल्या एका सकाळी आपल्या पडवीत उभं राहून जाहीर केलं. समोर श्रोता एकच होता, त्यांची बायको आनंदी, आणि तिच्या हातात कलिंगडाची फाक होती. हे कलिंगड सरांनी आदल्या संध्याकाळी देवगडच्या बाजारात बोटांनी वाजवून, कानाला लावून, देठ हुंगून, ढिगातली बाकीची सगळी नापास करून निवडलं होतं. ते आतून दुध्यासारखं पांढरं निघालं होतं.

"जन्मलात ना तुमी? बरा झाला," आनंदीबाई म्हणाल्या. "आता ह्या शेजारच्या गायीक घालून येवा."

सर गेले, घालून आले. गायीने सगळं खाल्लं. सरांनी ते आपल्या बाजूने पडलेलं एक मत म्हणून धरलं.

घराबाहेर मात्र सरांच्या शब्दाला वजन होतं. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता ते परीक्षक कधी झाले हे कोणालाच सांगता आलं नसतं. निवृत्त झाले ते चित्रकलेतून. परीक्षकपणातून त्यांना निवृत्त करायला कोणी धजलं नाही. एकांकिका, भजन, रांगोळी, फुगडी, गणपतीची आरास, उकडीचे मोदक, सुदृढ बालक, स्पर्धा कसलीही असो, पहिल्या रांगेत टेबल, टेबलावर पाण्याची बाटली, वेळ संपल्याची खूण करायला पितळी घंटा आणि त्यामागे मिठबावकर सर, हे देवगडपासून कुणकेश्वरपर्यंत ठरलेलं.

त्यांचा निकालही ठरलेला असे. प्रथम क्रमांक विभागून. द्वितीय विभागून. तृतीय विभागून. उरलेल्यांना उत्तेजनार्थ. एका वर्षी सुदृढ बालक स्पर्धेत झाडून सगळी बालकं पहिली आली होती, आणि जे तापाने आजारी म्हणून आलंच नव्हतं, त्याला उत्तेजनार्थ मिळालं होतं.

याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका एकांकिका स्पर्धेत सरांनी एकाच संघाला, एकट्याला, निखळ पहिला क्रमांक दिला. दुसऱ्या आलेल्या संघाचा नायक गावचा वायरमन होता. पुढे पंधरवडाभर, केवळ योगायोगाने, फक्त सरांच्या आळीतले दिवे तिन्हीसांजेला जात आणि जेवणं आटोपली की येत. त्या अंधारात बसून सरांनी विचार केला. मुंबईहून आणलेला परीक्षक निकाल लावून रात्रीच्या गाडीने परत जातो. इथल्या परीक्षकाला सकाळी उठून इथेच मासे घ्यायचे असतात. तेव्हापासून सर विभागू लागले, आणि आळीत उजेड राहिला.

कलिंगडाच्या दुसऱ्याच दिवशी नाझनीन त्यांच्याकडे आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आणि त्यांचा वर्गमित्र याकूब याची मुलगी. याकूबने आयुष्य होडीवर काढलं होतं आणि आता तो गुडघे धरून घरी बसला होता. एसटी स्टँडजवळ नाझनीनचं आणि तिच्या भावाचं, अतहरचं, दुकान होतं. पुढे अतहर मोबाईल विकायचा. मागच्या कोपऱ्यात नाझनीनने एक मोठा टीव्ही, व्हिडिओ गेमचं यंत्र आणि दोन बाकडी मांडली होती. पोरं येऊन तासाच्या हिशेबाने खेळत. म्हणजे पूर्वी खेळत. आता तिथले गेम जुने झाले होते आणि बाकड्यांवर बहुधा अतहरचा डबा बसलेला असे.

"सर, तुमका परीक्षक म्हणून बोलवूक आयलंय," ती म्हणाली.

"स्पर्धा कसली?" परीक्षकपणाची गोष्ट निघाली की सरांची मालवणी आपोआप आत जायची आणि इस्त्रीची मराठी बाहेर यायची.

"व्हिडिओ गेमांची."

सरांनी पापणीही हलवली नाही. "स्पर्धक?"

"तीन."

"प्राथमिक फेरी?"

"झाली. ती माझी मीच घेतलंय." मग नाझनीन मुद्द्यावर आली. "सर, अतहर म्हणता, मे महिन्यात चाकरमान्यांची पोरां येतली. तेव्हा कोपरो भरलो तर ठीक. नायतर जूनपासून थंयसर तो मोबाईलच्या कव्हरांचो स्टँड लावतलो. आणि नवीन गेम एकच घेवक परवडता. एका गेमाच्या पैशात हंगामातली पहिली हापूसची पेटी येता."

"मग तूच निवड ना. तुला त्यातलं कळतं."

"माका कळता. पण अतहर म्हणता, तुझ्या आवडीवर दुकान चालणा नाय. आणि अब्बा म्हणतत, सुदेश सांगात ता आणा. तुमच्या निकालाक आमच्या घरात कोण बोट लावचो नाय."

"नेटवर याची परीक्षणं येतात म्हणे."

"येतत. पण सगळ्यांका दहापैकी नऊ. अगदीच टाकाऊ आसात तर साडेआठ."

"आठाच्या खाली कोणीच नाही?"

"नाय."

सरांना त्या दूरदेशीच्या, अनोळखी परीक्षकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. "म्हणजे तेसुद्धा गावातच राहणारे असणार," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी, बाजार जेवून आडवा झाल्यावर, सर दुकानात पोचले. अंगात इस्त्रीचा सदरा, पिशवीत घंटा. शटर अर्धं खाली होतं. नाझनीनने समजावलं की हल्ली कंपन्या गेमाचा सुरुवातीचा थोडा भाग फुकट खेळू देतात, आंब्याची फोड चाखायला देतात तसा. खेळणार ती, सरांनी फक्त बघायचं. सरांनी बाकडं ओढून घेतलं, समोर स्टूल, स्टुलावर घंटा. कागदावर त्यांनी एकांकिकेचेच रकाने आखले. वेशभूषा, पाठांतर, अभिनय, नेपथ्य आणि वेळेचं भान. प्रत्येकी वीस.

पहिल्या गेमाचं नाव नाझनीनने इंग्रजीत सांगितलं.

"मराठीत?"

"नऊ मुकुटांची राख."

"वजनदार आहे," सर म्हणाले. "राज्य स्पर्धेला चाललं असतं."

जळणाऱ्या राज्यातून एक योद्धा बाहेर पडला. त्याचं चिलखत पावसात भिजलं की भिजलेलं दिसत होतं आणि वळताना मुकुट जागचा हलत नव्हता. आपल्याकडच्या राजांचे मुकुट वळताना मागे राहतात, हे आठवून सरांनी वेशभूषेत वीसपैकी वीस दिले. मग योद्धा एका खानावळवाल्याशी बोलला. त्याने एक वाक्य म्हटलं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच म्हटलं. "पाठांतर चोख आहे," सर म्हणाले, "पण पाठ एवढंच आहे." पुढे पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा भेटला आणि राज्य का जळलं हे सांगू लागला. तो सांगत राहिला. सरांनी घंटा वाजवली. म्हातारा थांबला नाही. सरांनी पुन्हा वाजवली.

"हा ऐकत का नाही?"

"सर, तो गेमातलो आसा."

"असेल. नियम सगळ्यांना सारखे. एकूण प्रयोग केवढा आहे हा?"

"ऐंशी तास."

सरांनी वेळेच्या रकान्यात शून्य लिहिलं. "ऐंशी तासांत अर्धा अखंड सप्ताह उरकतो. आणि तिथे प्रसाद तरी मिळतो."

दुसरा गेम फुटबॉलचा होता. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. नेपथ्याला पैकीच्या पैकी मिळाले.

"पण हा तुझ्याकडे आहेच ना? मघाशी फळीवर पाहिला."

"तो गेल्या वर्षाचो, सर."

"फरक काय?"

नाझनीनने प्रामाणिकपणे विचार केला. "ह्या वर्षी घाम दिसता."

शिवाय चांगला खेळाडू हवा असेल तर वेगळे पैसे देऊन एक बंद पाकीट घ्यायचं, आणि आत कोण निघतो ते फोडल्यावरच कळायचं, असंही तिने सांगितलं. वरून वाजवून आतलं ओळखता येतं का, हा प्रश्न सरांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि रकाना भरला.

तिसरा गेम एका छोट्या बंदराचा होता. ना राजा, ना लढाई. एक होडी, एक जेटी, चार घरं. मासे पकडायचे, विकायचे, होडीला रंग काढायचा. नाझनीनने होडी पाण्यात ढकलली, तेवढ्यात शटरखालून वाकून, कण्हत, याकूब आत आला.

"लागलो काय निकाल?"

"अजून नाही. बस, याकूब. शांतता राख."

याकूब बाकड्याच्या कडेला टेकला. अतहरने त्याच्या हातात चहा दिला. पडद्यावर नाझनीनने गळ ओढला. एक मासा वर आला आणि त्याच्याभोवती चांदण्या चमकल्या.

"ह्यो काय?" याकूबने विचारलं.

"बांगडो, अब्बा."

"एकटो?"

"हां."

"बांगडो एकटो खंय फिरता? तो काय तहसीलदाराकडे दाखलो आणूक चललो? घरातसून निघालो तर आख्खो गाव घेवन निघता तो." याकूबने चहा खाली ठेवला. "आणि ही होडी बघ. वारो खंयचो, ही वळता खंय. दे ता हडे."

"अब्बा, तुमका जमाचा नाय."

"दे म्हणतंय ना."

नाझनीनने रिमोट दिला. मग काही वेळ दुकानात फक्त याकूबचा आवाज होता. नांगर चुकीच्या बाजूने टाकला होता. जाळं विणणाऱ्याने कधी जाळं पाहिलं नव्हतं. गेमात जून महिना आला, पाऊस लागला आणि होडी तरीही निघाली, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "जूनात मासेमारीक बंदी आसता. ह्यांका कोण सांगूक नाय?" सरांनी घंटा वाजवली. "थांब रे," याकूब म्हणाला, आणि होडी पुन्हा बाहेर काढली.

सरांनी बेरीज केली. फुटबॉल सगळ्यांत वर, नऊ मुकुट त्याच्या खाली, आणि बंदर तळाला. मग ते उठले, सदरा नीट केला आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाला उद्देशून बोलू लागले.

"तिन्ही स्पर्धकांनी अतिशय मेहनत घेतली आहे. निवड करणं फार कठीण गेलं. अशा स्पर्धा वारंवार व्हायला हव्यात. तर, प्रथम क्रमांक," इथे ते सवयीने थांबले, "विभागून..."

"सर," अतहर काउंटरमागून म्हणाला, "पैसे एकाच पेटीचे आसत. गेम एकच येता."

त्याने खणातून मेजरटेप काढली, कोपऱ्यात जाऊन तिचं एक टोक भिंतीला लावलं आणि बाकड्याची लांबी घेतली. "कव्हरांचो स्टँड हंयसर बसात," तो कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला. टेप नाझनीनच्या पायांवरून गेली तेव्हा तिने पाय वर घेतले. तिने सरांकडे पाहिलं, आणि सरांना ती नजर ओळखीची होती. पडदा पडल्यावर विंगेत थांबलेली पोरं अशी बघत. सरांनी आजवर त्या प्रत्येकाला काही ना काही दिलं होतं. इथे उत्तेजनार्थ देण्यासारखं काही नव्हतं. कोपरा एक तर तिचा राहणार होता, नाहीतर कव्हरांचा होणार होता.

सरांनी घाम पुसला. त्यांना वायरमन आठवला. आणि मग एकाएकी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हे गेम करणारे लोक राहतात कुठे?"

"कोण जपानात, कोण अमेरिकेत," नाझनीन म्हणाली. "नक्की माहीत नाय."

"देवगडात कोणी?"

"नाय."

"जामसंड्याला? कुणकेश्वरला कोणाचे भाऊबंद?"

"नाय ओ, सर."

"यांच्यापैकी कोणी विजेच्या खात्यात?"

"सर, तुमका पाणी देव?"

सरांनी पाणी नाकारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर असे स्पर्धक उभे होते ज्यांची गाठ उद्या सकाळी बाजारात पडणार नव्हती. इस्त्रीची मराठी त्यांच्या अंगावरून आपसूक गळून पडली.

"मगे आयक," सर म्हणाले. "ह्या नऊ मुकुटवाल्याक कोणीतरी सांगूक व्हया होता, बाबा रे, तुझा राज्य जळला ह्या आमका पाच मिन्टात समाजला. उरलेले तास तू कोणाक सांगतंस? आणि तो दाढीवालो. तेका बोलूचा नाय, तेका आयकान घेवचा आसा. फुटबॉलवाल्यान गेल्या सालची साडी नवी इस्त्री करून आणल्यान, आणि वर पदराचे पैसे वेगळे. आणि ह्या बंदरवाल्यान समुद्र बघूकच नाय. बघल्यान आसात तर खिडकेतसून."

बांध फुटला तो फुटलाच. गेमांवरून गाडी घसरली आणि सर गावावर आले. मागच्या वर्षीच्या भजनात पेटी आणि बुवा दोन वेगळ्या तालुक्यांत वाजत होते, असं ते म्हणाले. प्रथम क्रमांक विभागून मिळालेले अमुकबाईंचे मोदक खिडकीवर फेकले असते तर काच गेली असती, असं म्हणाले. एका मंडळाच्या आराशीतला हिमालय त्यांना कापूस पिंजणाऱ्याकडचा अपघात वाटला होता. अतहर या सगळ्यांना मोबाईल विकायचा. तो धावत गेला आणि त्याने शटर पूर्ण खाली ओढलं.

सर दमून बसले. टीव्हीतल्या लाटा वाजतच होत्या.

"बोललंस ता सगळा खरा," याकूब म्हणाला. तो पडद्याकडेच बघत होता. "ह्या गेमात कवडीची अक्कल नाय. आता ही भरती बघ. अशी येता काय भरती?" आणि त्याने होडी पुन्हा पाण्यात ढकलली.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. खाली ठेवलेल्या चहावर साय धरली होती. घरी जेवण वाट बघत होतं आणि शुक्रवारी याकूबकडे बिर्याणी असते हे सरांना ठाऊक होतं. तो पलीकडे बसला होता, गुडघे विसरून, पुढे वाकून, आणि दर अर्ध्या मिनिटाला एक शिवी घालत होता.

एक गोष्ट सरांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. कोणतं नाटक पहिलं, हे त्यांना रकान्यांतून कधीच कळलं नव्हतं. ते कळायचं मान मागे वळवल्यावर. ज्या नाटकाचं लोक कौतुक करतात आणि मधेच वडा खायला उठतात, ते दुसरं. ज्याला लोक नावं ठेवतात आणि उठत नाहीत, ते पहिलं. हे त्यांना प्रत्येक वेळी कळलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते विभागलं होतं.

"बंदर," सर म्हणाले. "पहिलं. एकटं."

अतहरने टेप गुंडाळता गुंडाळता सरांच्या कागदात डोकावून पाहिलं. "सर, त्याका तर सगळ्यात कमी मार्क पडले."

"म्हणूनच घेवचो. आयक, अतहर. ती तलवार आणि ता गवत बघून देवगडचो माणूस म्हणतलो, बरा आसा, आणि घराक जातलो. चांगल्या वस्तूकडे तो एकदाच येता. चुको काढूक रोज येता. असो गेम मुंबईत फुकट गेलो असतो. हंयसर तेचे पैसे वसूल होतले."

अतहरने बापाकडे पाहिलं. बाप एका सुरमईला ती सुरमई नाही हे पटवून देत होता. अतहरने काउंटरकडे जाऊन टेप खणात टाकली आणि नाझनीनने त्याच संध्याकाळी बंदर विकत घेतलं.

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं आली. दोन दिवस ती आपापली खेळली. तिसऱ्या दिवशी जेटीवरचे दोघे खलाशी पंख्याचा वारा घ्यायला आत आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते परत गेले नाहीत. आठवडाभरात बाकडी कमी पडू लागली. पोरांच्या हातात रिमोट आणि प्रत्येकाच्या मागे दोन-दोन सल्लागार, अशी रचना झाली. "डावीकडे घे, डावीकडे. तुझ्या आजोबान होडी चालवल्यान आणि तू असो?" मासे विकणारी हौसाबाई टोपली बाहेर ठेवून गेमातले भाव बघायला यायची. "सुरमयेक ह्यो दर? कोणी लावल्यान?" असं म्हणून ती रागाने जायची आणि दुसऱ्या दिवशी दर सुधारला का ते बघायला परत यायची. निवृत्त पोस्टमास्तरांनी बंदी-काळात होडी सोडल्याबद्दल कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं, पण त्यासाठी सगळ्या चुका एकदा नीट पाहणं भाग होतं, म्हणून तेही तासाचे पैसे भरून बसू लागले. कव्हरांचा स्टँड अतहरने दुकानाबाहेर, पायरीवर लावला. नाझनीनने त्याच्याकडे टेप मागितली आणि कोपऱ्यात तिसरं बाकडं बसेल का ते मोजलं. बसत होतं.

सरांच्या कानावर हे सगळं येत होतं. गावात लोक त्यांना थांबवून विचारू लागले होते, सर, फ्रीज घेवचो आसा, वायच बघतात काय? महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सर दुकानात गेले. त्यांनी ठेवणीतला कुर्ता घातला होता आणि चार शब्द बोलायचं मनाशी ठरवलं होतं. दुकान दारापर्यंत भरलेलं होतं. सगळ्यांना दिसेल अशी उभं राहायची जागा एकच होती. सर तिथे जाऊन उभे राहिले, त्यांनी हात जोडले, घसा साफ केला.

"उपस्थित रसिकहो," ते म्हणाले, "एखाद्या कलाकृतीचं मोल ठरवताना परीक्षकाला जो निर्भयपणा लागतो..."

"सुदेश," पहिल्या बाकड्यावरून याकूब म्हणाला, "वायच बाजूक हो रे. होडी दिसणा नाय."